टीमच्या हाताशी एआय असताना कोचिंग कसं करायचं

टीम लीडच्या टेबलाशी येऊन प्रश्न विचारणारी माणसं कमी झाली आहेत. तीन-चार वर्षांपूर्वी नवा मुलगा अडला की खुर्ची सरकवत यायचा, "जरा बघता का?" म्हणायचा, आणि त्या पाच मिनिटांत लीडला दोन गोष्टी कळायच्या: काम कुठे अडलंय आणि हा डोकं कसं चालवतो. आता तो चॅटच्या खिडकीत विचारतो. लीडपर्यंत पोचतो तो तयार मसुदा. भाषा नीटनेटकी, मुद्दे ओळीने, आणि बारा जणांचे बारा मसुदे एकाच हाताने लिहिल्यासारखे. कोणाला काय येतं, हे त्यावरून ओळखणं अवघड.

यंत्र कोचची जागा घेईल का, यावर परिसंवाद भरपूर झडतात. माझ्या मते रोजच्या कामात झालेला बदल याहून साधा आहे आणि जास्त गंभीर आहे. कोचिंगची संधी पूर्वी आपोआप चालून यायची, ती बंद झाली. आता ती मुद्दाम काढावी लागते. आणि त्या वेळात तयार उत्तर बाजूला ठेवून, माणूस त्या उत्तरापर्यंत पोचला कसा, हे बघावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

उदाहरण म्हणून एकच टीम डोळ्यांपुढे ठेवू. पुण्यात खराडीला बसून परदेशी विमा कंपनीच्या ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देणारी. कंपनीने मसुदा करून देणारं एआय टूल दिलंय आणि ते वापरायचा आग्रहही आहे. तुमची टीम अकाउंट्सची, टेस्टिंगची किंवा एचआरची असली तरी पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

थिअरी, कामापुरती

ऑफिसातल्या कोचिंगचं एक मूळ टेनिस कोर्टावर सापडतं. टिमोथी गॅलवे या अमेरिकन शिक्षकाच्या लक्षात आलं की खेळाडूला मनगट, कोपर, खांदा यांबद्दल सूचना देत बसण्यापेक्षा चेंडूची शिवण कशी फिरते तेवढंच बघायला सांगितलं तर खेळ लवकर सुधारतो. हे त्यांनी १९७४ साली पुस्तकातून मांडलं. कामगिरी म्हणजे क्षमता वजा अडथळे, आणि बरेचसे अडथळे डोक्यातले, असं त्यांचं सूत्र. कार रेसिंगमधून आलेले ब्रिटनचे सर जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कंपन्यांमध्ये नेला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून १९८०च्या दशकात 'ग्रो' ही चौकट रूढ झाली. आधी ध्येय, मग सद्यःस्थिती, मग पर्याय, शेवटी निर्धार.

ही चौकट अजून उपयोगाची आहे, पण तिच्यातलं वजन सरकलंय. पूर्वी बोलण्याचा मोठा भाग पर्यायांवर जायचा, कारण पर्याय सुचणंच कठीण असायचं. आज अर्ध्या मिनिटात दहा पर्याय हातात पडतात. तेव्हा त्या टप्प्यावर पाच मिनिटं पुरे. वाचलेला वेळ दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला द्यायचा: प्रत्यक्षात काय केलंस, आणि यातलं काय निवडून स्वतःच्या जबाबदारीवर पाठवणार आहेस.

फीडबॅकबद्दलची एक गोष्ट अनेक लीडना पटत नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी खाली गेली. लक्ष कामावरून सरकून स्वतःवर गेलं की फीडबॅकचा उपयोग घटतो, हे त्यांचं स्पष्टीकरण. "तू हल्ली एआयवर फार विसंबतोस" हे वाक्य थेट माणसावर जातं. "या ईमेलमधली तारीख कुठून आली?" हे वाक्य ईमेलवर राहतं. दुसरं बोलायचं.

आणि मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा. काम आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः काम तडीला नेल्यावर, हे त्यांनी १९७७ साली मांडलं. टूलने लिहिलेल्या चाळीस ईमेलमधून हा विश्वास तयार होत नाही. आकडे उत्तम असलेला मुलगा क्लायंटच्या कॉलवर तोंड उघडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पहिली पायरी: टूल कुठे चालतं आणि कुठे फसतं, ते टीमकडून काढून घ्या

२०२३ साली बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग झाला. एआयच्या आवाक्यातल्या कामांत ते वापरणाऱ्यांनी सरासरी १२ टक्के जास्त कामं पूर्ण केली, तीही २५ टक्के लवकर. पण एक काम मुद्दाम आवाक्याबाहेरचं निवडलं होतं. त्यात एआय वापरणाऱ्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के बिंदूंनी कमी निघालं. दोन्ही कामं वरवर सारखीच अवघड वाटणारी होती. म्हणजे सीमा कुठे आहे, हे कामाकडे बघून कळत नाही. ती शोधावी लागते.

शोधण्याची सोपी रीत अशी. मागच्या महिन्यातले तीस-चाळीस ईमेल काढा, ग्राहकाचं नाव आणि पॉलिसी क्रमांक झाकून. टीमला दोन-दोनच्या जोड्यांत बसवा आणि टूलच्या मसुद्यांचे तीन ढीग करायला सांगा: जसाच्या तसा चालला, दुरुस्तीनंतर चालला, मुळातूनच चुकला. आपल्या उदाहरणातल्या टीममध्ये पहिल्या ढिगात पोच देणारे, कागदपत्रं मागणारे ईमेल पडतील. तिसऱ्यात मुदतीच्या तारखा, पॉलिसीला जोडलेली एंडॉर्समेंट (मूळ अटी बदलणारी पुरवणी), वगळलेल्या आजारांची कलमं. आणि त्याच ढिगात काही मसुदे असे, ज्यांत मजकूर अचूक असूनही उत्तर चुकलेलं असतं. नवरा गेल्याचं कळवणाऱ्या बाईंना "आपल्या संपर्काबद्दल आनंद वाटला" अशी सुरुवात गेलेली असते.

हे ढीग लीडने घरी बसून करू नयेत. वाद होऊ देण्यातच फायदा आहे. एका जोडीला जो मसुदा चालतो तो दुसरीला चालत नाही, तिथे टीम निकष बोलू लागते.

चुकीची जबाबदारी कोणावर, हेही याच वेळी सांगून टाका. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला आप्तनिधनाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिल्याचं प्रकरण निकाली निघालं. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार असल्यासारखा कंपनीचा पवित्रा होता. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. टीमला ही गोष्ट सांगितली की वेगळं व्याख्यान लागत नाही.

टूल बदलत राहतं, तेव्हा तीन महिन्यांनी ढीग पुन्हा करा.

दुसरी पायरी: बोलण्याआधी काय ठरवून घ्यायचं

कोचिंगमध्ये माणूस आपली कच्ची बाजू दाखवतो. ती अप्रेझलच्या फॉर्ममध्ये उमटणार असेल तर तो दाखवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. लीड हाच कोच आणि लीड हाच रेटिंग देणारा, ही अडचण जुनी आहे, ती पूर्ण सुटत नाही. पण एवढं सांगता येतं: "या चाळीस मिनिटांत तू जे बोलशील ते मी रेटिंगसाठी वापरणार नाही. ग्राहकाचं किंवा कंपनीचं नुकसान होईल असं काही निघालं तर ते मला पुढे न्यावं लागेल, आणि नेण्याआधी तुला सांगेन." यापेक्षा जास्त वचन देऊ नका. पाळता येणार नाही.

मीटिंगमध्ये आपोआप सामील होऊन टिपणं काढणारे बॉट वन-ऑन-वनमध्ये बंद. शक्यतो बंद करताना समोरच्याला दिसू द्या. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी मनातलं बोलत नाही, आणि ती टिपणं नक्की कुठे साठतात हे बहुतेक लीडनाच ठाऊक नसतं. चेहरा किंवा आवाज वाचून "कर्मचारी निराश आहे" असं सांगणारी साधनंही विकायला येतात. युरोपियन युनियनने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या अशा प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. तुमचा क्लायंट युरोपातला नसला तरी दूर राहिलेलं बरं.

टूलमध्ये काय टाकायचं नाही, त्याची यादी छापून द्या. २०२३ साली सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर निर्बंध आणले. हुशार इंजिनिअरांकडून हे होतं, तर घाईत असलेल्या फ्रेशरकडून का होणार नाही?

तिसरी पायरी: चाळीस मिनिटं

पंधरा दिवसांतून एकदा, माणशी चाळीस मिनिटं. बारा जणांच्या टीमला हे जड जातं, पण स्टेटस विचारण्यात जाणारा वेळ मोजला तर निम्मी भरपाई तिथेच होते. जागा शक्यतो काचेच्या केबिनबाहेरची. कॅन्टीनचा कोपरा चालतो. दुपारी साडेतीनला गर्दी नसते.

माणसाने एकच काम घेऊन यायचं. शक्यतो असं, ज्यात टूल वापरलं आणि मनात थोडी शंका राहिली. मसुदा, त्याने विचारलेला प्रश्न आणि शेवटी गेलेला ईमेल, तिन्ही समोर हवेत. यातला मधला तुकडा, म्हणजे टूलला काय विचारलं, तो सगळ्यात बोलका. डोकं कसं चाललं ते तिथे दिसतं. पूर्वी खुर्ची सरकवून येणाऱ्याच्या प्रश्नात जे दिसायचं, ते आता इथे सापडतं.

चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाशी बोलणं साधारण असं चालेल:

"हा मसुदा पाठवायच्या आधी तू त्यात काय बदललंस?"

"फार काही नाही. ठीक वाटला."

"ठीक कशावरून वाटला?"

"इंग्लिश चांगलं होतं. आणि पूर्ण होता, म्हणजे सगळे मुद्दे होते."

"क्लेम कळवायची मुदत तीस दिवस लिहिली आहे. ती कुठून आली?"

"टूलनेच टाकली. जनरल पॉलिसीत तीसच असते."

"या ग्राहकाच्या?"

"…एंडॉर्समेंट होती. साठ."

"समजा टूल बंद असतं. तू पहिलं काय उघडलं असतंस?"

"पॉलिसीचं शेड्यूल, तपशिलाचं पान. मग एंडॉर्समेंट. मग लिहायला घेतलं असतं."

"आता त्या दोन गोष्टी कधी उघडशील?"

"आधीच. नंतर उघडलं ना, तर मसुद्यात जे आहे तेवढंच जुळवून बघतो आपण. वेगळं काही दिसतच नाही."

शेवटचं वाक्य लीडने म्हटलं असतं तर तो आणखी एक नियम झाला असता, वीस नियमांच्या खाली चिकटलेला. मुलाने स्वतः म्हटलं, म्हणून उद्या ते आठवेल. लीडने इथे केलं एवढंच की प्रश्न ईमेलवर ठेवले आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला. दुसरं जास्त कठीण आहे. आपल्याकडे चांगला लीड म्हणजे ज्याच्याकडे सगळ्याची उत्तरं असतात, अशी समजूत आहे, आणि प्रमोशनही बहुधा त्यावरच मिळालेलं असतं.

प्रश्नांची यादी पाठ करू नका, पण काही प्रश्न हाताशी असावेत. टूलला विचारायच्या आधी तुझा अंदाज काय होता? मसुद्यातलं कोणतं वाक्य तू कॉलवर ग्राहकापुढे स्वतःच्या तोंडाने म्हणशील आणि कोणतं म्हणणार नाहीस? यात चूक असेल तर ती कुठे असण्याची शक्यता जास्त? हे बरोबर आहे हे तुला टूलशिवाय कुठे तपासता येईल? चौथ्या प्रश्नाला "दुसऱ्या एआयला विचारून" असं उत्तर आलं तर हसू नका. मूळ कागद, नियमावली, जाणकार माणूस, या तिन्हींपर्यंत त्याला नेऊन सोडा.

"का" ने सुरू होणारे प्रश्न जपून वापरा. "का नाही तपासलंस?" हे कितीही मऊ आवाजात विचारलं तरी शाळेतल्या बाईंसारखं ऐकू येतं आणि माणूस बचावाला बसतो. "काय", "कुठून", "कधी" यांनी तेच काम होतं.

बोलणं मराठीत, इंग्रजीत की दोन्हींची मिसळ करून, हे समोरच्यावर सोडा. टीममध्ये नांदेडचा मुलगा असेल आणि इंदूरची मुलगी असेल. शंका माणूस ज्या भाषेत घेतो त्या भाषेत ती ऐकून घ्यावी, ईमेल शेवटी इंग्रजीतच जाणार असला तरी.

शेवटची पाच मिनिटं निर्धारासाठी. एकच गोष्ट, तारखेसकट, त्याच्या शब्दांत. "जास्त काळजी घेईन" हा निर्धार धरू नका. "शुक्रवारपर्यंत मुदतीचा उल्लेख असलेल्या प्रत्येक ईमेलला आधी शेड्यूल उघडीन आणि कुठे फरक निघाला ते लिहून ठेवीन", हा धरा.

चौथी पायरी: हात चालू ठेवणारा सराव

तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेले इशारे देणारा, तिसऱ्याला काहीच नाही. सरावात पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग परीक्षेत चॅटबॉट काढून घेतला. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारे मिळालेल्या गटात हे नुकसान जवळपास दिसलं नाही.

ऑफिसात परीक्षा नसते असं वाटतं, पण क्लायंटचा कॉल असतो, ऑडिट असतं, सर्व्हर बंद पडलेला सोमवार असतो. म्हणून सरावाचे दोन नियम पुरतात. पहिला: टूल उघडायच्या आधी दोन ओळींत आपलं उत्तर लिहायचं. कच्चं, मराठीत, कसंही. नंतर मसुद्याशी ताडून बघायचं. रोज सगळ्या ईमेलना हे जमणार नाही. दिवसातल्या तीन ईमेलना जमतं. दुसरा: आठवड्यातून एक ईमेल पूर्णपणे हाताने. टार्गेटमधून तेवढा वेळ वजा करून द्या, नाहीतर पहिल्या महिनाअखेरीलाच हा नियम मरतो. मॅनेजरशी भांडायचंच असेल तर या वेळेसाठी भांडा.

अनुभवी माणसाशी वेगळं बोलावं लागतं

ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०२३ साली आला. एआयच्या मदतीने तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी, आणि अनुभवी लोकांच्या जवळजवळ वाढल्याच नाहीत. कारणही अभ्यासातच सुचवलंय: सर्वोत्तम कर्मचारी जे बोलत होते तेच टूल शिकलं आणि नवख्यांना पुरवत राहिलं. म्हणजे अनुभवी माणसाला त्याचंच ज्ञान परत मिळालं.

आता टीममधल्या पन्नाशीच्या, विम्यात आयुष्य काढलेल्या गृहस्थांचा विचार करा. त्यांना तिशीतली लीड "सर, तुमचा टूलचा वापर कमी दिसतोय" म्हणते. हे कोचिंग नव्हे, हा अपमान आहे, आणि त्यात तथ्यही नाही. त्याऐवजी:

"सर, हे दहा मसुदे आहेत. मला यातले दोन खटकतात, पण नक्की काय ते सांगता येत नाहीये. तुम्ही बघता का?"

"हा तिसरा. यात 'क्लेम नाकारण्यात येत आहे' लिहिलंय. आपण नाकारत नसतो. आपण कागद अपुरे आहेत म्हणतो. नाकारलं की पुढचा रस्ता बंद होतो."

"हे तुम्हाला किती वेळात दिसलं?"

"वाचल्या वाचल्या."

"मुलांना दिसायला काय करावं लागेल?"

या प्रश्नानंतर त्यांचं काम बदलतं. त्यांच्याकडून वेगाची अपेक्षा सोडून द्या आणि चुका ओळखण्याचं काम त्यांच्या नावावर अधिकृतपणे लिहा. फुकटात वाढीव काम म्हणून नको. अप्रेझलमध्ये दिसलं पाहिजे.

दोन भेटींच्या मध्ये एआयलाच कोच करता येईल का?

काही प्रमाणात, हो. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या निकी टेरब्लांश आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक साधा, ठरावीक प्रश्न विचारणारा चॅटबॉट विद्यार्थ्यांना ध्येय गाठायला मदत करण्यात माणूस कोचच्या बरोबरीने उतरला. यात आश्चर्य कमी आहे. नीट क्रमाने विचारलेले प्रश्न स्वतःच बरंच काम करतात. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा तुमचंच वाक्य प्रश्न करून परत देणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं.

ठरलेली गोष्ट तडीला नेणं, अवघड कॉलची तालीम करणं, यासाठी टीमला चॅटबॉट खुशाल वापरू द्या. फक्त आजची साधनं सांगितल्याशिवाय प्रश्न विचारत नाहीत, सल्ल्याचा पाऊस पाडतात. असा प्रॉम्प्ट, म्हणजे सुरुवातीची सूचना, द्यायला सांगा:

"तू माझा कोच आहेस. सल्ला देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. माझं उत्तर मोघम असेल तर त्यातला शब्द धरून पुन्हा विचार. मी मागितल्याशिवाय पर्याय सुचवू नकोस. सात प्रश्नांनंतर थांब आणि मी काय ठरवलं ते माझ्याच शब्दांत लिहून दे."

दुसरी खोड हांजी-हांजीची. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्याची अति खुशामत करू लागलं होतं. सहकाऱ्याशी भांडण झाल्यावर चॅटबॉटकडे गेलेला माणूस बऱ्याचदा "तुमचं बरोबरच आहे" ऐकून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त ताठ बसतो. म्हणून माणसांमधले तंटे चॅटबॉटकडे न्यायचे असतील तर भूमिका उलटी करून घ्या: "तू तो सहकारी आहेस. माझ्या या ईमेलबद्दल तुझी तक्रार सांग."

आणि लीडने स्वतःचा फीडबॅक एआयकडून लिहून घेऊ नये. "तुमचं समर्पण उल्लेखनीय आहे" या छापाचं वाक्य टीम पहिल्या ओळीत ओळखते.

नोकरीची भीती निघाली की

ती निघतेच. पहिल्या नाही तर तिसऱ्या भेटीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, मनुष्यबळ कमी करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा हिंजवडीपासून खराडीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. कंपनीने कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणं असल्याचं सांगितलं. ज्याच्यावर गृहकर्ज आहे त्याला या फरकाने झोप लागत नाही.

खोटा दिलासा देऊ नका. "काही होणार नाही" म्हणायचा अधिकार लीडला नसतो. उलट बाजूचे दाखले आहेत. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये आपला एआय सहाय्यक ७०० एजंटांएवढं काम करतो असं सांगितलं आणि २०२५ मध्ये सेवेच्या दर्जासाठी पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. पण हा दाखलाही औषधासारखा वाटू नका. माहीत आहे तेवढं सांगा, माहीत नाही ते माहीत नाही म्हणा, आणि मग बोलणं त्याच्या हातात असलेल्या गोष्टीकडे वळवा: उद्या ही टीम निम्मी झाली तर राहणाऱ्या निम्म्यांना काय येत असेल? त्यातलं तुला आज काय येतं? हे कठोर प्रश्न आहेत. बसून, फोन बाजूला ठेवून विचारायचे.

मोजायचं काय

कोणी टूल किती वेळा उघडलं, हे मोजू नका. डॅशबोर्डवर ते सहज मिळतं, म्हणून वरिष्ठांना आवडतं. माणसं मग टूल उघडून ठेवतात. त्यापेक्षा तीन गोष्टींवर नजर ठेवा: पाठवायच्या आधी पकडलेल्या चुका, ग्राहकाकडून परत आलेले ईमेल, आणि टूलशिवाय लिहिलेल्या आठवड्याच्या ईमेलचा दर्जा. पहिला आकडा सुरुवातीला वाढेल. वाढू द्या. चूक पकडणाऱ्याला शिक्षा झाली तर तो आकडा शून्यावर येईल आणि ग्राहकाकडून परत येणारे ईमेल वाढतील.

कोचिंग जिथे उपयोगाचं नाही

विम्याचं मूलभूत ज्ञानच नसेल तर प्रश्न विचारून ते उगवत नाही. तिथे सरळ शिकवा. माणूस झोपत नसेल, रडू आवरत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर लीडने आणि चॅटबॉटनेही कोच होऊ नये. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. क्रमांक देऊन मोकळं होऊ नका. फोन लावेपर्यंत शेजारी बसा.

आणि कधी कधी माणसात काहीच कमी नसतं, टूलच वाईट असतं. तिसऱ्या ढिगात त्याच प्रकारची चूक आठवड्यामागून आठवडा येत असेल, तर बारा जणांना सावध राहायला शिकवण्यात अर्थ नाही. त्या ढिगातले ईमेल, प्रत्येकापुढे दुरुस्तीला लागलेली मिनिटं लिहून, ज्यांनी टूल विकत घेतलं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा. सोबत त्या पन्नाशीच्या सरांना घेऊन जा. नेमकं काय चुकतंय ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं सांगता येईल.